घरमालक म्हणतात, कुत्री काढा नाहीतर घर सोडा

पत्र थोडक्यात असं आहे: वय २९, इंदूरच्या सुदामा नगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली घरमालक काका, काकू आणि काकांच्या आई. गेल्या वर्षी नैराश्य आणि पॅनिक अटॅकचं निदान झालं, मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत. सहा महिन्यांपूर्वी गल्लीतलं एक पिल्लू घरी आणलं. तेव्हा काका ‘लहान आहे, बघू’ एवढंच म्हणाले होते. ती आल्यापासून खूप बरं वाटतं, त्यामुळे गोळी आता एक दिवसाआड घेते. एप्रिलपासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. त्या दिवशी ती दुपारभर भुंकते. शिवाय गच्चीवर नेते म्हणून काकू चिडल्या आहेत, कारण उन्हाळ्यात तिथे त्यांचं वाळवण असतं. आता काकांनी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत कुत्री काढा नाहीतर घर सोडा. अकरा महिन्यांच्या करारातले पाच महिने बाकी आहेत, करारात प्राण्यांबद्दल एक शब्द नाही. इंटरनेटवर ‘इमोशनल सपोर्ट अॅनिमल’चं प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि जॅकेट मिळतं. ते घेतलं की मालक काही करू शकत नाही, असं तिथे लिहिलंय. घेऊ का? काकांना आजाराचं सांगू का? देवासहून आई म्हणते, जनावरापायी राहतं घर कशाला घालवतेस.

उत्तर:

पत्राच्या मधोमध तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात, सुरुवात तिथूनच करते. गोळी एक दिवसाआड घेणं आजपासून थांबवा आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण एक दिवस चुकला तरी खाली येतं. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड, झोप उडणं हे सगळं त्यातून होऊ शकतं. सध्या घराचं टेन्शन आहे, त्यामुळे असं काही झालं तर तुम्ही ते काकांच्या खात्यावर टाकाल आणि खरं कारण लक्षातच येणार नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध त्याच मात्रेत चालू ठेवतात. कमी करायचं ते डॉक्टरांच्या हिशोबानं, हळूहळू. मधले दिवस चुकले हे त्यांना सरळ सांगा, त्यांना हे रोज ऐकावं लागतं. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते.

याचा अर्थ कुत्रीचा उपयोग नाही असा मुळीच नाही. ती आल्यापासून तुम्ही साडेसहाला उठता, दोनदा घराबाहेर पडता, गल्लीतल्या माणसांशी बोलता, असं तुम्हीच लिहिलंय. नैराश्यात माणूस नेमकं हेच सोडून देतो आणि मानसोपचारात पहिल्यांदा हेच पुन्हा सुरू करायला लावतात. प्राण्याला कुरवाळल्यानं त्या वेळेपुरता ताण उतरतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पाळीव प्राणी असल्यानं नैराश्य बरं होतं का, यावर मात्र संशोधकांचं एकमत नाही. तेव्हा ती तुमच्या सोबतीला असू द्या. औषधाच्या जागी तिला बसवू नका, तेवढा भार तिलाही पेलणार नाही.

आता प्रमाणपत्र. घेऊ नका. ही कल्पना अमेरिकेतली आहे. तिथल्या ‘फेअर हाउसिंग अॅक्ट’खाली अपंगत्व असलेल्या भाडेकरूला आधार देणाऱ्या प्राण्यासाठी घरमालकाला बऱ्याच वेळा आपला ‘प्राणी चालणार नाही’ हा नियम बाजूला ठेवावा लागतो. विमानातही अशी सवलत होती, पण डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानं नियम बदलून विमान कंपन्यांवरचं ते बंधन काढून टाकलं. आपल्याकडच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये किंवा दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ मध्ये ‘भावनिक आधाराचा प्राणी’ असा वर्गच नाही. म्हणजे तो वर्ग ठरवणारं सरकारी कार्यालय नाही, नोंदवही नाही, आणि त्या ओळखपत्राला इथल्या कायद्यात आधार नाही. तुम्ही ते दाखवलंत आणि काकांनी ओळखीच्या एखाद्या वकिलाला विचारलं, की दोन मिनिटांत खरं काय ते कळेल. मग तुमचं खरं बोलणंही खोटं वाटायला लागेल.

तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र ही वेगळी गोष्ट. ‘ही व्यक्ती माझ्या उपचाराखाली आहे, पाळीव प्राण्याची देखभाल हा तिच्या दिनक्रमाचा उपयुक्त भाग आहे’ अशा दोन ओळी ते देऊ शकतात. त्या पत्रात आजाराचं नाव नको. कायद्यानं मालकावर ते बंधनकारक नाही, पण समजूतदार माणसावर त्याचा परिणाम होतो. पत्र तयार ठेवा, पहिल्याच भेटीत बाहेर काढू नका.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात आणि त्यांत एक घोळ हमखास असतो, म्हणून हक्कांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी किंवा रहवासी संघ कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू न देणं किंवा त्याचे वेगळे पैसे मागणंही बसत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये सोसायटीच्या नियमांतली अशी बंदी बेकायदा ठरवली. मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीत, राहणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. तुम्ही मल्टीत राहत नाही. तुमचा व्यवहार थेट मालकाशी आहे आणि दोघांमध्ये आहे तो करार. करारात ‘प्राणी ठेवणार नाही’ अशी अट असती तर मंडळाच्या सूचनांवर बोट ठेवून ती उडवता आली नसती. तुमच्या करारात अशी अट नाही, ही तुमची जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू म्हणजे घर सोडायला लावण्याची पद्धत. ‘महिनाअखेरपर्यंत जा’ असं जिन्यात उभं राहून सांगणं ही नोटीस नव्हे. करारात नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते आधी बघा. तिथे काहीच नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे दरमहा भाड्याच्या घराला १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस दिली म्हणून सामान बाहेर काढता येतं असंही नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादं न्यायालयात सिद्ध करावं लागतं. पाणी किंवा वीज तोडून दबाव आणायलाही हाच कायदा मज्जाव करतो. ग्वाल्हेरच्या वाचकांनाही हेच लागू. वडोदऱ्याला गुजरातचा भाडे कायदा आहे, तिथली कलमं वेगळी, तेव्हा तिकडच्यांनी स्थानिक वकिलाला विचारावं.

पण त्याच कलम १२ च्या कारणांमध्ये भाडेकरूनं उपद्रव करणं हेही एक कारण आहे, आणि आठवड्यातले तीन दिवस दुपारभर भुंकणारा कुत्रा हा उपद्रव म्हणून मांडता येतो. म्हणून माझं म्हणणं असं की तुमचा प्रश्न तुमच्या आजारावर सुटणार नाही, कुत्रीच्या वागण्यावर सुटेल. तुम्ही लिहिलंय, काकांना प्राणी आवडतच नाहीत. मग सहा महिन्यांपूर्वी ते ‘बघू’ म्हणाले कसे? एप्रिलपर्यंत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे. एप्रिलमध्ये दोन गोष्टी बदलल्या: तुमचं ऑफिस सुरू झालं आणि गच्चीवर वाळवण आलं. काकूंच्या जागी उभं राहून बघा. पहाटे उठून चीक शिजवायचा, कुरडया घालायच्या, आणि दोन हातांवर कुत्रीनं लघवी केलेली. त्या घरात हे खपणार नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती मिटवणं तुमच्या हातात आहे.

गच्ची आजपासून पूर्ण बंद. तिला जिथे लघवीचा वास येतो तिथेच ती पुन्हा करणार, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. सिमेंट वास धरून ठेवतं. फिनाइलनं आपल्या नाकाला बरं वाटतं, लघवीतले यूरिक अॅसिडचे कण तसेच राहतात. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, त्याचा वासच लघवीसारखा. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइम क्लीनर मिळतं, ते डागावर ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग वाळू द्यायचं. गच्चीला दोन-तीनदा करावं लागेल. (घरात मांजर असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: फिनाइलमधला फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि विषबाधा होते.) कुत्रीला उठल्या उठल्या, जेवल्यावर आणि झोपण्यापूर्वी साखळी लावून खाली रस्त्यावर न्या. ठरल्या जागी लघवी केली की त्याच क्षणी खाऊ द्या. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ तिला कशाबद्दल मिळाला ते कळत नाही.

आता भुंकणं. ती नक्की कधी भुंकते हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा घरी नसता. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा, तीन दिवसांचं ऐका. तुम्ही दार ओढल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच भुंकणं, रडणं, दार खरवडणं सुरू होत असेल तर ती एकटेपणाला घाबरते आहे. दोन-तीन तास शांत राहून मग सुरू होत असेल तर कंटाळा, लघवी तुंबणं किंवा उकाडा. फाटकाचा आवाज, कुरियरवाला, गल्लीतले कुत्रे यांच्या वेळी भुंकत असेल तर रस्त्याकडची खिडकी हे कारण. तिन्हींचे उपाय वेगळे, आणि लोक चुकतात ते इथेच: कारण न बघता आधी ओरडतात. शॉक देणारा पट्टा मुळीच आणू नका. घाबरलेल्या जनावराला त्यानं आणखी भीती बसते.

खिडकीचं काम सोपं, काचेला खालून तीन फूट कागद चिकटवा आणि पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. कंटाळा आणि उकाड्यासाठी सकाळचा फेरा पाऊण तासाचा करा, उन्हाळ्यात सातच्या आत, कारण नंतर रस्ता तापतो आणि पंजे भाजतात. वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली मे महिन्यात दुपारी भट्टी होते, तेव्हा कूलर चालू हवा आणि पाणी दोन भांड्यांत, एक सांडलं तर दुसरं असावं म्हणून. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा आणि निघताना द्या, चाटण्यात अर्धा तास जातो. त्यात कांदा, मनुका किंवा चॉकलेट जाऊ देऊ नका, तिघंही कुत्र्यांना विषारी आहेत. आणि काहीही केलं तरी आठ महिन्यांच्या कुत्रीला साडेनऊ तास एकटं ठेवणं बसत नाही. दुपारी एकच्या सुमारास कुणीतरी येऊन तिला खाली नेऊन आणलंच पाहिजे. गल्लीतला कॉलेजचा मुलगा, निवृत्त शेजारी, पैसे घेऊन हे काम करणारे, कुणीही चालेल. महिन्याला बारा-तेरा फेऱ्या होतात, त्याचा खर्च तुमच्या प्रमाणपत्राच्या पैशांतून सुरू करा.

एकटेपणाची भीती असेल तर वेळ लागतो. किल्ली उचलायची, चपला घालायच्या आणि परत येऊन बसायचं, असं दिवसातून आठ-दहा वेळा, ती मान वर करून बघेनाशी होईपर्यंत. मग दाराबाहेर तीस सेकंद, एक मिनिट, तीन, पाच. ती शांत असतानाच आत यायचं. एका पायरीवर रडली तर मागच्या पायरीवर जायचं. पहिली चाळीस मिनिटं सगळ्यांत अवघड असतात, तिथून पुढचं बहुधा भरभर होतं. हे चालू असेपर्यंत तिला लांब वेळ एकटं सोडलं की केलेलं पाण्यात जातं. म्हणून ऑफिसमध्ये तीन-चार आठवडे घरून काम मागून बघा. कारण ‘घरगुती अडचण’ एवढं पुरे.

हे सुरू केल्यावर, आठवडाभरानं, काकांशी बोला. तक्रार होते त्या क्षणी जिन्यात नको. संध्याकाळी खाली जाऊन बसा, काकू आणि आजीही असू द्या. हातात लसीकरणाचं कार्ड असू द्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर आणि पुढे दरवर्षी, बाकीच्या लसी पशुवैद्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे, जंतांचं औषध साधारण तीन महिन्यांनी. नगर निगमातली नोंदणी राहिली असेल तर तीही करून टाका. नसबंदीचं पशुवैद्यांना याच फेरीत विचारा. ती माजावर आली की गल्लीतले सगळे कुत्रे फाटकाशी जमतील आणि मिटलेलं भांडण पुन्हा उभं राहील. मग काकांना सांगा: ‘काका, गच्चीचं आणि भुंकण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. गच्ची धुऊन घेतलीय, ती आता वर येणार नाही. दुपारी एक मुलगा येतो. दोन महिने बघा, नाही जमलं तर मीच दुसरं घर बघते.’

हो म्हणाले तर कागदावर घ्या, तोंडी ‘बघू’नंच हा घोळ झालाय. मूळ कराराला पुरवणी म्हणून दोघांच्या सह्यांनी असं लिहिता येईल:

‘भाडेकरू एक देशी कुत्री (वय आठ महिने, रंग तांबडा, लसीकरण पूर्ण) ठेवतील. कुत्री गच्चीवर नेली जाणार नाही, जिन्यात आणि अंगणात साखळीला राहील. घाण झाल्यास भाडेकरू लगेच साफ करतील. कुत्रीमुळे झालेल्या नुकसानीसाठी अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी जादा अनामत ठेवली आहे. घर सोडताना नुकसान नसल्यास ती पूर्ण परत मिळेल, असल्यास दुरुस्तीच्या बिलाइतकीच वजावट होईल. दोन महिन्यांनी उभय पक्ष आढावा घेतील.’

वय आणि रंग तुमच्या कुत्रीप्रमाणे घाला. खोल्यांचे, दारांच्या चौकटींचे आजच्या तारखेचे फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या. ‘बिलाइतकीच’ हा शब्द गाळू देऊ नका, नाहीतर रंगकाम सगळं तुमच्या नावावर येईल.

आजाराचं सांगायचं का? माझा सल्ला: आत्ता नको. तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला २०१७ च्या कायद्यातलं कलम २३ देतं, डॉक्टरही ती परवानगीशिवाय देऊ शकत नाहीत. काका वाईट आहेत म्हणून नव्हे, पण एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. ते काकूंना सांगतील, काकू शेजारी सांगतील, आणि पुढच्या वेळी तुमच्या खोलीत जरा मोठ्यानं बोलणं झालं तरी त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल. तुमच्या मागणीला त्याची गरजही नाही. शांत, स्वच्छ कुत्री असलेली, वेळेवर भाडं देणारी भाडेकरू एवढं पुरेसं आहे. पुढे तुम्हालाच मोकळेपणानं सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा. परवानगीच्या मोबदल्यात मात्र सांगू नका. आईचं वेगळं आहे. त्यांना कुत्रीचा राग नाही, तुम्ही एकट्या पडाल ही काळजी आहे. गोळ्यांचं आणि डॉक्टरांच्या भेटीचं त्यांना खरं सांगितलंत तर ‘जनावरापायी’ हा शब्द बहुतेक पुन्हा निघणार नाही.

काका नाहीच म्हणाले तर? भाडं थांबवू नका, बँकेतून किंवा यूपीआयनं भरा म्हणजे नोंद राहते. घर कधी रिकामं करायचं ते लेखी मागा. पाणी तोडलं, कुलूप बदललं असं काही झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. कायद्यानं तुम्ही पाच महिने आणि पुढेही टिकू शकाल. पण खालीच मालक राहत असताना रोजचा तणाव सोसत टिकायचं का, हे तब्येतीकडे बघून ठरवा. मला वाटतं, दोन महिन्यांचा अवधी मागून दुसरं घर शोधणं तुम्हाला जास्त झेपेल. कुत्रीला रस्त्यावर सोडणं हा पर्याय धरूच नका. कारणाशिवाय प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सहा महिने घरात वाढलेली कुत्री गल्लीत टिकत नाही.

नवं घर बघताना ब्रोकरला पहिल्याच फोनवर कुत्रीचं सांगा आणि मालकाकडून ‘चालेल’ हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तळमजला आणि स्वतंत्र फाटक असलेला पोर्शन मिळाला तर अर्धं भुंकणं तिथेच कमी होईल. घर बदलताना तिची चादर धुऊ नका, तशीच न्या, ओळखीच्या वासावर ती लवकर रुळते. आणि शिकवलेलं सगळं नव्या जागी पुन्हा तीस सेकंदांपासून सुरू करावं लागेल, म्हणून पहिले चार दिवस सुटी टाकूनच सामान हलवा.